एका चाकूवर तान्ह्या पोळ्याचा बैल

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला पोरं जो लाकडी बैल मिरवतात, तो घरीही तासता येतो. लागतो एक चाकू. वाकस, पटाशी, हातोडी आली की ते वाढ्याचं, म्हणजे सुताराचं काम. मेळघाटात कोरकू लोक मृतांच्या आठवणीसाठी सागाचा 'मुंडा' रोवतात. त्यावरचे चंद्र, सूर्य, घोडेस्वार हे उठावाचं कोरीवकाम. आपलं तासकाम त्याहून साधं, अंगणात बसल्या बसल्या होणारं.

लाकूड शिवणीचं घ्या. हलकं असतं, वाळल्यावर फारसं वाकत नाही. बाभळीच्या वाटेला नवख्यानं जाऊच नये. आरा मशीनवरून 4 इंच लांब, 3 इंच उंच, दीड इंच जाड तुकडा आणा, पण लाकडातल्या रेषा पाहून: त्या पायांच्या दिशेनं उभ्या हव्यात. माझ्या पहिल्या बैलाच्या रेषा आडव्या होत्या. चारही पाय एकेक करून हातात आले. गावचे वाढईबाबा हसले, "पयले लाकूड कोन्या अंगानं चाल्लं ते पाह्य ना, बापू!"

चाकूचं पातं छोटं, मूठ हातात न वळवळणारी. धार दगडावर इतकी काढा की कागद सरळ कापला जावा. बोथट चाकूला जोर लागतो, आणि जोर लावला की तो घसरतो. लाकूड धरलेल्या हातात जाड मोजा घाला, मांडीवर ठेवून तासू नका.

एका बाजूवर पेन्सिलीनं बैल काढा. मान, वशिंड, पोट जिथं वळतं तिथं आधी चाकू दाबून आडवा काप द्या, मग त्या कापाकडे उतरत तासा. म्हणजे ढलपी तिथंच थांबते, मान उडत नाही. नेहमी उंचावरून खोलाकडे, पातळ ढलप्या. चाकू अडकून लाकूड फाटायला लागलं तर दुसऱ्या बाजूनं या. पुढचे दोन पाय जोडलेलेच ठेवा, मागचेही. मधे नुसती खाच द्या. शिंगं शेवटी, आखूडच.

पॉलिश पेपर मारून जवसाचं तेल चोळा आणि काही दिवस वाळू द्या. तेलाची चिंधी मात्र चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका, ती आपोआप पेट घेऊ शकते. बाहेर पसरून वाळवा.