ग्लासगोला गेलेल्या कोल्हापूरकरांनो, ऊन पडलं की बेन लोमंड असा करा

शिकायला नाहीतर नोकरीला ग्लासगोला गेलाय आणि स्वच्छ उन्हाचा दिवस मिळालाय तर खोलीत बसू नका, बेन लोमंड हा डोंगर गाठा. स्कॉटलंडात 3000 फुटांवरच्या डोंगरांना मनरो म्हणतात, सर ह्यू मनरोनं 1891 ला पहिली यादी छापली, आज त्यात 282 आहेत आणि सगळ्यात दक्षिणेचा हा.

उंची 974 मीटर. आपली फसगत इथंच होते बघा, कारण पन्हाळा पण समुद्रसपाटीपासून जवळपास तेवढाच आणि तिथं आपण झुणका-भाकर खायला गाडीवरनं जातो. पण कोल्हापूरच मुळात साडेपाचशे मीटरच्या आसपास बसलंय, म्हणजे पन्हाळ्याची खरी चढण चारशेच्या घरात. बेन लोमंडची वाट रोवरडेननला लोमंड तलावाच्या काठावरनं सुटते आणि तलाव जवळपास समुद्राच्याच पातळीला, त्यामुळं साडेनऊशे मीटर पायानंच चढायचे. सलग दोनदा पन्हाळा चढला तरी वर थोडं उरतंच.

वेळ काढायला नेस्मिथचा 1892 चा नियम वापरा: 5 किलोमीटरला एक तास, अधिक 600 मीटर चढाला एक तास. जाऊन-येऊन साधारण 12 किलोमीटर, म्हणजे चार तास, आणि यात खाणं, फोटो, दम घेणं काहीच धरलेलं नाही, म्हणून सहा तास धरा. सकाळी लवकर पोचा, उन्हाच्या रविवारी पार्किंग भरतं. जूनमध्ये सूर्य रात्री दहाच्या सुमारास मावळतो, त्यामुळं उतरताना अंधाराची घाई नसते.

आता कपडे. खाली टी-शर्टवर घाम येतो आणि वर गेल्यावर सहाएक अंश कमी, त्यात वारा, म्हणून कितीही ऊन असू दे, विंडचीटर, कानटोपी, हातमोजे सॅकमध्ये पाहिजेतच. जीन्स अजिबात नको, भिजली की वाळत नाही. दोन लिटर पाणी, सनस्क्रीन, आणि खायला भडंग, चपातीचा रोल, गूळ-शेंगदाणे, हे तिथल्या चॉकलेटपेक्षा लई कामाला येतं असं माझं स्पष्ट मत आहे.

निघायच्या आधी मेट ऑफिसचा, म्हणजे तिथल्या हवामान खात्याचा, डोंगरांसाठीचा वेगळा अंदाज बघा, ग्लासगो शहराचा नव्हे. वाट ठळक आहे, तरी कागदी नकाशा आणि कंपास ठेवा, कारण खाली लख्ख ऊन असताना पण माथ्यावर ढग बसू शकतो. आणि माथ्याच्या उत्तरेला सरळ कडा आहे, सेल्फीसाठी तिकडं मागं मागं सरकू नका. वर गेल्यावर मात्र निवांत बसा, तलावातली बेटं एकेक करून मोजता येतात, पलीकडं आरोखरचे डोंगर दिसतात, असा दिवस तिथं रोज मिळत नाही.

2003 च्या कायद्यानं तिथं डोंगरात फिरायचा हक्क सगळ्यांना आहे, तिकीट नाही की परवानगी नाही, फक्त मेंढ्यांना त्रास नको आणि कचरा परत आणायचा. काही झालंच तर 999 ला फोन करून आधी पोलीस आणि मग माउंटन रेस्क्यू मागा, ती माणसं स्वयंसेवक असतात, पैसे घेत नाहीत.

वारा पडला की खाली काठाला मिज नावाच्या बारीक माश्या तुटून पडतात, तेव्हा डबा वाऱ्यावरच उघडा. घरी आल्यावर गुडघ्यामागं, काखेत गोचीड चिकटलाय का बघा आणि असला तर चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ ओढून काढा, पिरगाळू नका.