स्ट्रीटवेअरमध्ये (रस्त्यावरच्या तरुणाईच्या फॅशनच्या कपड्यांत) येणाऱ्यांसाठी: डॅपर डॅनकडून मी काय घेतलं

आमच्या प्रिंटिंगच्या गाळ्यावर काम शिकायला येणाऱ्या मुलांचा पहिला प्रश्न बहुधा एकच असतो. आपलं जाकीट एखाद्या रॅपरने घालावं, तर काय करायचं? मी त्यांना डॅपर डॅन या अमेरिकन फॅशन डिझायनरबद्दल विचारतो. नाव बहुतेकांना माहीत असतं, गुची या महागड्या ब्रँडबरोबर काहीतरी झालं होतं हेही ऐकलेलं असतं. त्याआधीची तीस-पस्तीस वर्षं मात्र कुणाला ठाऊक नसतात, आणि या धंद्यात शिकण्यासारखं जे आहे ते तिथेच आहे.

खरं नाव डॅनियल डे. जन्म 1944 चा, न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीतला. फॅशन स्कूलचं तोंड न पाहिलेला माणूस. तरुणपणी फाशांच्या जुगारावर पैसे कमावले. आफ्रिकेच्या प्रवासात तिथल्या शिंप्यांकडून मनासारखे कपडे शिवून घेतले, आणि तो नाद पुढे धंदा झाला. 1982 मध्ये त्याने 125व्या रस्त्यावर दुकान उघडलं, तेव्हा तो चाळिशीच्या उंबरठ्यावर होता. बाविसाव्या वर्षी ‘आता उशीर झाला’ म्हणणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवलं तरी चालेल.

बेत होता घाऊक माल आणून विकण्याचा. पण कृष्णवर्णीय दुकानदार आणि पत्ता हार्लेमचा म्हटल्यावर बहुतेक कंपन्यांनी व्यवहारच नाकारला. मग त्याने स्वतःच शिवायचं ठरवलं. पश्चिम आफ्रिकेतून आलेले शिंपी कामाला ठेवले आणि दुकान चोवीस तास, आठवड्याचे सातही दिवस चालू ठेवलं. गिऱ्हाईकच तसं होतं. हातात रोकड खुळखुळणारे, रात्री जागणारे, पाचव्या अव्हेन्यूवरच्या चकचकीत दुकानांत ज्यांच्याकडे संशयाने पाहिलं जायचं असे लोक. त्यांत अमली पदार्थांच्या धंद्यातले बरेच होते. त्याने ते कधी लपवलं नाही, आपणही त्यावर गुलाबी रंग चढवू नये.

या लोकांना लुई व्हिटॉन, गुची, फेंडी हवं होतं. त्या काळी या कंपन्यांच्या चिन्हांच्या बॅगा आणि पाकिटं मिळायची; अंगभर तीच चिन्हं असलेलं जाकीट मिळत नसे. डॅनने आधी त्यांच्याच बॅगा कापून कपड्यांना पट्ट्या लावल्या. तेवढ्याने भागेना, तेव्हा तो कातड्यावर स्क्रीन प्रिंटिंग (जाळीच्या चौकटीतून शाई दाबून छापणं) करायला स्वतःचं स्वतः शिकला.

इथे जरा थांबतो, कारण माझी भाकरी याच कामावर आहे. सुती टी-शर्टवर छापणं वेगळं आणि कातड्यावर छापणं वेगळं. टी-शर्टवर प्लास्टिसोल (तापवून पक्की होणारी प्लास्टिकची) शाई मारली की ती साधारण 160 अंशांना भाजून पक्की करतात. कातडं तेवढं तापवलं तर आकसतं, कडक होतं. शिवाय वरच्या तेल-मेणाच्या फिनिशमुळे शाई धरत नाही, आणि धरली तरी कोपराच्या घडीवर तडकते. त्यात चिन्ह अंगभर पसरलेलं असेल, तर बाही आणि छातीच्या शिवणीवर रिपीट, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारी नक्षी, जुळवावी लागते. म्हणजे छापण्याआधीच कटिंग ठरलेलं हवं आणि पॅटर्न मास्टर (कापडाच्या कटिंगचे नमुने बनवणारा) शेजारी उभा हवा. धारावीत चामड्याचं काम करणारा कुठलाही जुना कारागीर तुम्हाला हे दोन मिनिटांत सांगेल, फक्त त्याच्याकडे जाऊन उभं राहायला हवं. डॅनच्या जाकिटांकडे बघताना लोकांना लोगो दिसतो. मी शिवणीकडे बघतो.

म्हणून आमच्याकडे येणाऱ्याला पहिल्या महिन्यात डिझाइन करायला मिळत नाही. स्क्रीन धुवा, मेश (चौकटीची जाळी) ताणा, स्क्वीजीला (शाई ओढायच्या रबरी पट्टीला) किती दाब द्यायचा ते हाताला कळू द्या. 180 आणि 240 जीएसएमचं (चौरस मीटरला तेवढ्या ग्रॅम वजनाचं) कापड डोळे मिटून ओळखता आलं पाहिजे. ओव्हरसाइज टी-शर्ट म्हणजे डबल एक्सएल नव्हे. खांदा किती उतरवायचा, मुंढा किती खोल घ्यायचा, गळ्याची रिब किती रुंद ठेवायची याचा तो वेगळा पॅटर्न असतो. सॅम्पल पाच-सहा धुण्यांत टिकल्याशिवाय ऑर्डर घ्यायची नाही. निफ्टला (सरकारी फॅशन संस्थेला) प्रवेश मिळाला तर उत्तमच. नाही मिळाला तर आयटीआयचा ड्रेस मेकिंगचा एक वर्षाचा कोर्स करा. हे सांगितल्यावर मुलांचे चेहरे पडतात, पण स्वतःचा पॅटर्न कापता येणारा माणूस मास्टरच्या मूडवर अवलंबून राहत नाही, हे मी रोज बघतो.

आता सेलिब्रिटी. डॅन त्यांच्या मागे लागला नव्हता. वस्तीतल्या पैसेवाल्यांच्या अंगावर त्याची जाकिटं दिसली आणि त्यांच्यासारखं दिसावं म्हणून रॅपर आले. एल एल कूल जे, सॉल्ट-एन-पेपा, बिग डॅडी केन. एरिक बी आणि राकिम या जोडीने तर अल्बमच्या मुखपृष्ठावर त्याचीच जाकिटं घातली. गिऱ्हाईक आधी, तारा नंतर. आपल्याकडे हा क्रम उलटा लावायची घाई असते.

आणि प्रसिद्धी कशी उलटते तेही त्याच दुकानात दिसतं. ऑगस्ट 1988 मध्ये पहाटे माइक टायसन तिथे आला आणि दुकानाबाहेर मिच ग्रीन या बॉक्सरशी त्याची मारामारी झाली. टायसनचा हात मोडला, बातमी सगळीकडे गेली, आणि बातमीबरोबर दुकानाचं नावही. मग बड्या कंपन्यांचे वकील जागे झाले. छापे पडले, माल आणि यंत्रं जप्त झाली. फेंडीच्या बाजूने काम करणाऱ्या वकिलांत सोनिया सोटोमायोर होत्या, ज्या पुढे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात न्यायाधीश झाल्या. 1992 मध्ये दुकान बंद पडलं. त्यानंतर पंचवीसेक वर्षं तो पडद्याआड राहून शिवत होता. बॉक्सर फ्लॉइड मेवेदरचे रिंगणातले पोशाख त्याच काळातले.

डॅन म्हणायचा, मी नक्कल करत नाही, जे त्यांनी कधी बनवलंच नाही ते बनवतो. कारागीर म्हणून मला हे पटतं. कायद्याला पटत नाही. भारतात 1999 च्या ट्रेडमार्क कायद्याखाली दुसऱ्याचं चिन्ह खोटेपणाने वापरण्याला सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड आहे. ‘थोडं वेगळं केलंय’ या सबबीवर विसंबू नका. उलट पहिल्या कमाईतून स्वतःचं नाव ट्रेडमार्क म्हणून नोंदवा. कपड्यांसाठी वर्ग 25, व्यक्तीला ऑनलाइन अर्जाची फी 4,500 रुपये, नोंदणी दहा वर्षांची.

2017 मध्ये चक्र फिरलं. गुचीच्या शोमध्ये फुगीर बाह्यांचं एक जाकीट आलं, डॅनने 1989 मध्ये धावपटू डायान डिक्सनसाठी शिवलेल्या जाकिटासारखं. डिक्सनने दोन्ही फोटो शेजारी ठेवून जगाला दाखवले. गदारोळ झाला आणि त्याच वर्षी गुचीने त्याच्याशी भागीदारी जाहीर केली. 2018 मध्ये हार्लेममध्येच त्याचं नवं कार्यशाळा-दालन उघडलं, कापड गुचीचं. लोक याला माफीनामा म्हणतात. मला त्यात आधी पुरवठ्याचा करार दिसतो. ज्या मालासाठी त्याला दारातून परत पाठवलं होतं, तोच आता अधिकृतपणे घरपोच यायला लागला. 2021 मध्ये अमेरिकेच्या फॅशन डिझायनर्स कौन्सिलने त्याला जीवनगौरव दिला.

तुमच्याकडे पहिला फोन ताऱ्याचा येणार नाही, ताऱ्याचे कपडे निवडणाऱ्या स्टायलिस्टच्या सहायकाचा येईल. ‘सोर्सिंग’ म्हणून कपडे मागितले जातील, म्हणजे शूटसाठी उसने, पैसे नाहीत, जमलं तर पोस्टमध्ये नावाचा टॅग. द्यायला हरकत नाही. पण द्यायचा तुकडा सॅम्पलचा असावा, गिऱ्हाइकाच्या ऑर्डरमधला नव्हे. देताना फोटो काढा, परतीची तारीख आणि नुकसानभरपाईची रक्कम मेलवर लिहून घ्या. टॅग पडलाच तर त्या दोन दिवसांत पाठवता येईल एवढा माल मापांसकट तयार ठेवा. कपडा परत आला की आधी कॉलर तपासा; मेकअपच्या फाउंडेशनचा डाग दुसऱ्या दिवशीपर्यंत राहिला तर सुती कापडातून नीट निघत नाही.