पांढरी पडलेली ट्रॅव्हल ट्रेलरची बॉडी घरच्या घरी कशी चमकवायची

टेक्सास-ॲरिझोनाच्या उन्हात वर्षानुवर्षं उघड्यावर उभा असलेला जुना ट्रॅव्हल ट्रेलर, म्हणजे गाडीमागे ओढून न्यायचं चाकांवरचं घर, बघायला गेलं की पहिल्या नजरेतच मन नको म्हणतं. रंग उडालेला, चमक नाही, हात फिरवला तर तळहाताला खडूसारखी पूड लागते. पण छप्पर गळत नसेल आणि आतलं लाकूड कोरडं असेल तर नुसत्या बाहेरच्या रूपावरून त्याला नाही म्हणू नका, ही पूड बहुतेक वेळा अगदी वरवरची असते आणि एक-दोन वीकएंड नीट मेहनत केली तर निघते. फक्त कामाचा क्रम चुकवायचा नाही आणि घासणं कुठे थांबवायचं ते कळलं पाहिजे, कारण वरचा थर एकदा गेला की तो परत येत नाही.

आधी बॉडी कशाची आहे ते बघा. कॅसिटा, स्कॅम्प यांच्यासारखे साच्यात घडवलेले फायबरग्लासचे ट्रेलर असतील तर वरती जेलकोट असतो, म्हणजे रंग मिसळलेलं पॉलिएस्टर रेझिन, नवीन असताना साधारण अर्धा मिलिमीटर जाड. उन्हातल्या अतिनील किरणांनी वरचं रेझिन तुटत जातं, बारीक छिद्रं पडतात, आतला रंग मोकळा होतो आणि तीच ती पूड. सपाट भिंतींच्या फायबरग्लास ट्रेलरवरही काम असंच करायचं, पण तिथे थर पातळ असतो म्हणून हात हलका ठेवायचा. पन्हाळीसारखी ॲल्युमिनियमची बॉडी असेल तर तिच्यावर नुसता पातळ पेंट असतो, तिथे मशीन नकोच, हाताने हलकं पॉलिश करा आणि फडक्यावर जास्त रंग यायला लागला की थांबा. आणि एअरस्ट्रीम, म्हणजे चकचकीत ॲल्युमिनियमचे ट्रेलर, यांचं प्रकरण पूर्ण वेगळं, त्यांच्या ॲल्युमिनियमवर क्लिअर कोट म्हणजे पारदर्शक संरक्षक थर असतो, तो केमिकलने काढल्याशिवाय धातूला पॉलिश करताच येत नाही. पुढे जे लिहिलंय ते जेलकोटसाठी आहे.

आता पाण्याची परीक्षा. एक पट्टा धुऊन ओला ठेवा आणि लांबून बघा. ओलं असताना रंग गडद आणि एकसारखा दिसला तर काम होणार, निश्चिंत राहा. ओलं करूनही डाग-डाग दिसत असतील किंवा खालच्या काचेच्या धाग्यांची वीण दिसत असेल तर जेलकोट संपलाय, तिथे पेंटशिवाय इलाज नाही. काही ट्रेलरच्या पुढच्या तोंडाला पेंट आणि क्लिअर कोट असतो, तो पापुद्र्यासारखा सुटत असेल तर कंपाउंड, म्हणजे वरचा खराब थर घासून काढणारी पेस्ट, मारून काहीही होणार नाही.

धुण्याची सुरुवात छपरापासून करा. बरेच जण फक्त भिंती चमकवतात आणि पहिल्या पावसात काळे-पांढरे ओघळ परत येतात, कारण ईपीडीएम रबराच्या छपराची स्वतःची पण पूड सुटते आणि ती पाण्याबरोबर भिंतीवर उतरते. या रबरावर पेट्रोलियम सॉल्व्हंट असलेला क्लीनर अजिबात वापरायचा नाही, रबर फुगतं. मग भिंती मऊ ब्रशने, डॉनसारख्या भांड्यांच्या साबणाने धुवा म्हणजे जुनं वॅक्स आणि तेलकटपणा निघेल. प्रेशर वॉशर असेल तर खिडक्या, सांधे, फ्रिजचा व्हेंट यांच्यापासून लांब धरा, तिथून आत शिरलेलं पाणी कुठपर्यंत गेलं ते कळतच नाही.

धुताना सगळं सीलंट, म्हणजे पाणी आत शिरू नये म्हणून सांध्यांत भरलेला मसाला, बघून घ्या. खिडक्या, दिवे, कोपऱ्यातल्या पट्ट्या, कुठे तडा असेल तर आत्ता फक्त टेप लावून ठेवा. नवीन सीलंट पॉलिश झाल्यावर आणि वॅक्सच्या आधी भरायचं, कारण वॅक्सवर सीलंट धरत नाही आणि पॉलिशच्या आधी भरलं तर त्याच्या कडेला कंपाउंड अडकून बसतं.

मास्किंगला कंटाळू नका. खिडक्यांचं काळं रबर, खडबडीत प्लास्टिक, स्टिकरच्या पट्ट्या, सगळ्यांवर पेंटर्स टेप लावा. कंपाउंड रबरात वाळलं की पांढरं पडतं आणि टूथब्रश घेऊन बसावं लागतं. स्टिकर आधीच तडकलेले असतील तर ते हेअर ड्रायरने गरम करून काढूनच टाकलेले बरे, फक्त एक लक्षात ठेवा, त्यांच्याखालचा जेलकोट उन्हापासून वाचलेला असतो, त्यामुळे जुन्या अक्षरांची पुसट सावली राहू शकते.

मशीन कुठलं घ्यायचं? पहिल्यांदाच करत असाल तर ड्युअल ॲक्शन पॉलिशर घ्या, त्याचा पॅड फिरता फिरता हलतोही, वेळ जास्त लागेल पण जागा जळणार नाही. रोटरी, म्हणजे पॅड नुसता गोल फिरवणारं मशीन, भराभर कापतं, पण कडेवर क्षणभर जास्त थांबलं तर थर तिथेच संपतो. कंपाउंड मरीन सेक्शनमधलं घ्या, थ्रीएम किंवा मेग्वायर्सचं बोटींच्या जेलकोटसाठी येतं ते, कारच्या क्लिअर कोटचं जेलकोटवर फारसं चालत नाही. आधी दोन बाय दोन फुटांचा तुकडा करून बघा आणि सगळ्यात सौम्य कंपाउंडपासून सुरू करा, त्याने भागलं नाही तरच कडक घ्या. काम सावलीत, बॉडी हाताला गार लागत असताना करायचं, म्हणजे उन्हाळ्यात सकाळी लवकर, नाहीतर कंपाउंड लावताक्षणी सुकतं.

पॅडवर थोडं कंपाउंड घ्या, मशीन बंद असतानाच ते भिंतीवर थापून घ्या, कमी स्पीडवर पसरवा आणि मग स्पीड वाढवून आडवे-उभे हात सावकाश फिरवा, प्रत्येक हात आधीच्यावर निम्मा चढला पाहिजे. लोकरीचा पॅड सुटलेल्या पुडीने पटकन भरतो आणि भरलेला पॅड कापत नाही, नुसता गरम होतो, म्हणून दर तुकड्यानंतर तो साफ करा आणि दोन-तीन पॅड जवळ ठेवा. मायक्रोफायबरने पुसल्यावर काळं स्वच्छ फडकं घासून बघा, पांढरं आलं तर अजून एक फेरी, नाही आलं तर तिथे परत मशीन लावू नका, जरा जास्त चमक हवी म्हणून तर अजिबातच नाही.

पूड फारच खोल असेल तरच वॉटर पेपर घ्या, १००० ग्रिटने सुरू करून १५०० आणि २००० (आकडा मोठा तितका कागद बारीक), भरपूर पाणी, आणि कोपरे-कडा सोडून, कारण तिथे जेलकोट पातळ असतो. हे सगळं करताना गॉगल आणि मास्क लावा, शिडीऐवजी फळीचा प्लॅटफॉर्म असेल तर उत्तम, आणि ओल्या जागेत वीज आहे म्हणून मशीन जीएफसीआय आउटलेटलाच लावा, म्हणजे करंट गळला तर आपोआप बंद होणाऱ्या सॉकेटला.

कंपाउंडनंतर मऊ फोम पॅडने बारीक पॉलिशची एक फेरी, मग सीलंट भरून सुकू द्या, आणि मग लगेच वॅक्स. हे पुढच्या महिन्यावर ढकललेलं काम मी फार ठिकाणी बघितलंय आणि मला मनापासून वाईट वाटतं, कारण उघडा जेलकोट परत लगेच पांढरा पडायला लागतो. मरीन वॅक्स किंवा पॉलिमर सीलंट (हे सांध्यांत भरायचं नाही, वॅक्ससारखं वरून लावायचं), दोन पातळ हात. उलटही तेवढंच खरं, पूड न काढता नुसतं वॅक्स लावलं तर छिद्रं ते पिऊन टाकतात आणि चमक थोड्या आठवड्यांत जाते.

फरशीचं ॲक्रिलिक पॉलिश ट्रेलरला लावायचा प्रकारही बरेच लोक करतात. एका दिवसात काचेसारखी चमक येते हे खरं आहे, पण कालांतराने ते पिवळं पडतं, सोलतं, आणि काढायला स्ट्रिपर घेऊन अख्खा ट्रेलर घासावा लागतो, म्हणून मी ते सुचवणार नाही.

नंतर वर्षातून दोनदा धुऊन वॅक्स करा, दक्षिणेकडची बाजू आणि पुढचं तोंड आधी, कारण ऊन सगळ्यात जास्त तिथेच बसतं. झाकायचा असेल तर हवा खेळणारं कव्हर घ्या, निळी ताडपत्री नको, ती वाऱ्याने फडफडून जेलकोट घासते.