पुलिंगच्या सेमीचं इंजिन ऐन वेळी बंद होईना? या चुका टाळा

अमेरिकेच्या मिडवेस्ट भागात उन्हाळा लागला की काउंटी फेअरच्या (जिल्ह्याच्या जत्रेच्या) मातीच्या पट्टीवर सेमी, म्हणजे ट्रेलर ओढणारे मोठे ट्रक, स्लेड नावाची वजनाची घसरगाडी ओढायला उतरतात. या स्पर्धेला पुलिंग म्हणतात. गाडी पुढे जाईल तशी स्लेडवरची वजनाची पेटी सरकत पुढे येते, ओढ वाढत जाते, आणि ३०० फूट पार केले की 'फुल पुल'. महामार्गावर ज्या कमिन्स किंवा कॅटरपिलर इंजिनाला गव्हर्नर (वेग आवरणारी यंत्रणा) मिनिटाला २१०० फेऱ्यांच्या आसपास आवरतो, तेच इंजिन इथे त्याच्या कितीतरी वर फिरवतात. ते उधळलं, म्हणजे हाताबाहेर पळत सुटलं, तर आवरायला मोजके सेकंद मिळतात. शटऑफ, म्हणजे इंजिन तातडीने बंद करायची सोय, प्रत्येक गाडीवर असतोच, नाहीतर तपासणीतूनच परत पाठवतात. पण बसवलेला शटऑफ आणि चालणारा शटऑफ यांत बराच फरक असतो.

डिझेल तोडलं की काम झालं, हा समज

आपल्याकडच्या जुन्या ट्रकमध्ये स्टॉपरची खुंटी ओढली की इंजिन गप्प व्हायचं. ती खुंटी पंपाचं डिझेल तोडायची, बस. पेट्रोल इंजिनात ठिणगी तोडता येते. डिझेलमध्ये ठिणगीच नाही. हवा दाबून तापली आणि त्यात जळण्यासारखं काहीही आलं की ते पेटतं. टर्बो, म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा, त्याचं सील गेलं तर वंगणाचं ऑइल थेट इनटेकमध्ये (हवा आत जायच्या वाटेत) जातं आणि इंजिन स्वतःच्याच ऑइलवर पळत सुटतं. मग चावी काढून खिशात घातली तरी उपयोग नाही. २३ मार्च २००५ ला अमेरिकेतल्या टेक्सास सिटीच्या रिफायनरीत स्फोटात १५ माणसं गेली. तिथे इंधनाच्या वाफेचा ढग पेटायला चालू ठेवलेला एक डिझेल पिकअप कारणीभूत ठरला असावा, असं तपासात निघालं. हवेतली वाफ ओढून त्याचं इंजिन रेस झालं होतं. म्हणून डिझेल तोडायची सोय हवीच, पण खरा भरवसा हवा तोडणाऱ्या झडपेवर.

झडप बंद, हवा चालूच

सर्वांत जास्त घोळ इथे होतो. दोन-तीन टर्बो असलेल्या गाडीत एकाच वाटेवर झडप बसवलेली असते, किंवा झडप आणि सिलिंडर हेड यांच्यामधली सिलिकॉनची नळी सैल असते. झडप पडली, म्हणजे बंद झाली, की आतून जोराची ओढ बसते, क्लॅम्प नीट नसेल तर नळी निसटते, आणि इंजिनाला हवी तेवढी हवा मिळते. आयडलवर, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन हळू चालू असताना, झडप पाडून बघा. इंजिन दोन-चार सेकंदांत मेलं तर ठीक. आचके देत चालत राहिलं तर कुठेतरी गळती आहे. पाइपात थोडी हवा भरून जोडांवर साबणाचं पाणी लावलं की बुडबुडे जागा दाखवतात.

पण आयडलची चाचणी अर्धंच सांगते. टर्बोनंतर बसवलेल्या सरकत्या पातीच्या झडपेचं गणित करून बघा. भोक ४ इंच व्यासाचं, बूस्ट (टर्बोने हवेला दिलेला दाब) ५० पीएसआय, म्हणजे चौरस इंचाला ५० पौंड, धरला, तर पाती पूर्ण बंद होत येताना तिच्यावर सुमारे २८५ किलोचा दाब एका बाजूने येतो. घर्षण त्याच्या एक पंचमांश धरलं तरी ती सरकवायला ५५-६० किलोची ओढ लागते. शेडमध्ये आयडलवर बूस्ट जवळजवळ नसतोच, त्यामुळे तिथे मरतुकडी स्प्रिंगसुद्धा पास होते. स्प्रिंग दणकट घ्या. खाचेत ग्रीस थापू नका, पट्टीवरची माती त्यात बसून ते सँडपेपरसारखं घासतं. कोरडं वंगण चालतं.

टर्बोच्या आधी झडप बसवली तर हा दाब नसतो. पण मग टर्बोची हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरमधली उरलेली हवा इंजिनाला आणखी थोडं पळवते, आणि ओढीमुळे टर्बोच्या सीलमधून ऑइल यायला मदतच होते. माझं मत मॅनिफोल्डजवळच्या, म्हणजे सिलिंडरच्या तोंडाशी असलेल्या, झडपेकडे झुकतं. नियम मात्र पुलिंग संघटनेगणिक वेगळे असतात. आपल्या वर्गाचं चालू वर्षाचं नियमपुस्तक आधी उघडा.

मागची केबल

स्लेड सुटली तर मागची केबल ओढली जाऊन झडप पडायला हवी. सेमीची चेसिस लांब, त्यामुळे केबलच्या प्रत्येक वळणावर ओढ थोडी थोडी खर्ची पडते. एक्झॉस्टजवळ तिचं आवरण वितळतं, झिपटाय करकचून बांधला तर आतली तार अडकते. एकाने मागे सरळ स्लेडच्या दिशेने ओढायचं, दुसऱ्याने झडपेकडे बघायचं. हाताने वर किंवा तिरकं ओढून केलेली चाचणी धरू नका. केबल आणि स्लेडमधला जोड फार आखूड ठेवला तर मागचा भाग दबताच भर पुलमध्ये इंजिन बंद पडतं. झडप विजेवर पडत असेल, तर बॅटरीची वायर तुटल्यावर ती पडते का, हेही बघा.

ड्रायव्हरचा पाय आणि बाकीच्यांचे हात

इंजिन उधळलं की पाय सवयीने क्लचवर जातो. तो दाबला की होतं-नव्हतं ते ओझंही सुटतं आणि आरपीएम आणखी चढतो. आधी ॲक्सिलरेटर सोडा, लगेच हवेची झडप पाडणारी खुंटी ओढा. बेल्ट आवळून, हातमोजे घालून बसल्यावर ती खुंटी हाताला येते का, हे शेडमध्येच ठरवा. इंजिनाच्या बाजूला कोणी थांबायचं नाही, कारण फ्लायव्हील आणि क्लचचे तुकडे बाजूला उडतात. टर्बोच्या तोंडावर जॅकेट कोंबायला जाणाऱ्याला ओढून मागे घ्या.

झडप पडल्यानंतर

"स्टार्टर फिरतोय, पण सुरू होत नाही" या तक्रारीत आधी झडप उघडून अडकवली आहे का ते बघा. बंद झडपेवर स्टार्टर मारत राहिलं की इनटेकमध्ये ओढ तयार होते आणि सीलमधून ऑइल येतं. डेट्रॉइटच्या जुन्या टू-स्ट्रोक ७१ मालिकेत ब्लोअरचं सील असंच जायचं, म्हणून तिथला फ्लॅप फक्त आणीबाणीत वापरायचा असे. आणि इंजिन खरोखर उधळून बंद केलं असेल, तर कारण सापडेपर्यंत पुन्हा सुरू करू नका. इंटरकूलरचा पाइप काढून तळाशी ऑइल साचलंय का बघा, टर्बोचा शाफ्ट हाताने हलवून ढिला आहे का बघा, डिपस्टिकवर ऑइल खुणेच्या वर नाही ना तेही बघा. पंपाचा रॅक (किती डिझेल जायचं ते ठरवणारा दांडा) अडकला असेल तर पंप काढावाच लागतो.