गिनी फाऊलचं पिल्लू आजारी किंवा जखमी झालं? या चुका टाळा

गिनी फाऊल हा कोंबडीसारखा पाळीव पक्षी. मोठं झालेलं गिनी फाऊल काटक असतं. ऊन-वारा सोसतं, रात्री झाडावर बसून काढतं. त्याचं पिल्लू मात्र पहिले सहा आठवडे फार नाजूक असतं. अंड्यातून निघतं तेव्हा त्याचं वजन जेमतेम २५ ते ३० ग्रॅम भरतं. एवढ्याशा जिवाला ना थंडी झेपते, ना उपाशी राहणं, ना चुकीचं औषध. उपचारांचा क्रम चुकला की साधं दुखणंही जिवावर बेततं. आधी ऊब, मग पाणी, मग खाणं आणि औषध शेवटी, हा क्रम मोडू नका.

गार पडलेल्या पिल्लाला भरवू नका

पिल्लू मलूल दिसलं की हात पहिल्यांदा खाद्याकडे जातो. तसं करू नका. पक्ष्याच्या शरीराचं तापमान ४० ते ४१ अंश सेल्सिअस असतं. ते खाली गेलं की पचन थांबतं, आणि भरवलेलं अन्न गळ्याखालच्या अन्नपिशवीत पडून आंबतं. पाय हाताला गार लागत असतील, डोळे अर्धवट मिटले असतील, आवाज बारीक झाला असेल, तर ते पिल्लू गारठलंय असं समजा.

पुठ्ठ्याच्या खोक्यात कापड अंथरा आणि खोक्याच्या एकाच बाजूला दिव्याने ऊब द्या. पहिल्या आठवड्यात उबेच्या बाजूला, पिल्लाच्या पाठीच्या उंचीवर, ३५ अंश हवेत. पुढे दर आठवड्याला सुमारे ३ अंश कमी करत न्यायचे. आजारी पिल्लाला त्याच्या वयापेक्षा एक आठवडा मागचं तापमान द्या. थर्मामीटर खोक्याच्या भिंतीला वर टांगला तर तो तिथली हवा मोजतो, पिल्लाजवळची नाही.

उलटी चूकही बरेच जण करतात, ती म्हणजे सगळं खोकं तापवणं. अशक्त पिल्लू उठून बाजूला सरकू शकत नाही, ते जागच्या जागी भाजून निघतं. चोच उघडून धापा टाकत असेल, पंख अंगापासून लांब धरत असेल, तर दिवा वर घ्या.

भिजलेलं पिल्लू आधी कोरडं करा. टॉवेलने टिपून घ्या, चोळू नका. पाण्याच्या खोल भांड्यात पडून भिजणं हे तर नेहमीचंच. भांडं उथळ हवं आणि त्यात गोट्या किंवा खडे टाकलेले हवेत, म्हणजे चोच बुडेल पण पिल्लू बुडणार नाही.

चोच उघडून पाणी ओतू नका

पिल्लाची चोच उघडून पाहिली तर जिभेच्या मुळाशी, अगदी मधोमध, एक बारीक फट उघडझाप करताना दिसते. ती श्वासनलिका. ड्रॉपरने घाईत सोडलेलं पाणी थेट तिथे जातं, आणि तहानेने न मेलेलं पिल्लू फुप्फुसात पाणी जाऊन मरतं.

कोमट पाण्याचा एक थेंब चोचीच्या टोकाला, कडेने लावा. पिल्लू चोच हलवून तो ओढून घेतं. गिळलं की पुढचा थेंब. मान धरण्याचं बळ नसलेल्या पिल्लाला पाणी पाजूच नका, आधी ऊब द्या. फारच अशक्त असेल तर कपभर पाण्यात एक छोटा चमचा साखर चालते, पण एकाच दिवसापुरती. मिठाचं प्रमाण अंदाजाने ठरवू नका. लहान पक्ष्यांना जास्त मीठ विषासारखं बाधतं.

अगदी एकटं ठेवू नका

हा पक्षी थव्याचा आहे. एकटं पडलेलं पिल्लू सतत ओरडतं, खाणं सोडतं आणि ओरडण्यातच दमून जातं. पण जखमी पिल्लू थव्यात तसंच ठेवलं तर बाकीची रक्तावर टोचे मारतात. यावर उपाय म्हणजे ब्रूडरमध्येच, म्हणजे पिल्लं उबेत ठेवायच्या खोक्यातच, बारीक जाळीची आडवी भिंत. एकमेकांना दिसतात, आवाज पोचतो, चोच मात्र पोचत नाही. आजार संसर्गाचा वाटत असेल तर खोकं वेगळ्या जागी हलवावंच लागतं. अशा वेळी आत छोटा आरसा ठेवा. त्याच्याशी अंग टेकून पिल्लू शांत बसतं.

पायांच्या बाबतीत होणाऱ्या चुका

या पिल्लांचे पाय हा त्यांचा सगळ्यात कच्चा भाग. पळणारं पिल्लू पायाला धरून पकडलं की सांधा निखळतो किंवा हाड मोडतं. दोन्ही पंखांवरून ओंजळीत घ्या, पण छाती दाबू नका. पक्ष्यांना आपल्यासारखा श्वासपटल नसतो. छातीचं हाड पुढे-मागे होऊनच श्वास चालतो. मूठ आवळली की पिल्लू गुदमरतं.

दुसरी चूक म्हणजे वर्तमानपत्राची गुळगुळीत जमीन. पाय घसरतात आणि दोन्हीकडे फाकतात. खरखरीत कापड किंवा रबरी जाळीदार चटई घाला. पाय फाकलेच असतील तर चिकटपट्टीची अर्धा सेंटिमीटर रुंद पट्टी कापा. एक टोक एका पायाच्या नळीभोवती, दुसरं दुसऱ्या पायाभोवती गुंडाळा. मधला भाग स्वतःवर दुमडून चिकटवा, म्हणजे त्याला भुसा लागत नाही. पिल्लू सरळ उभं राहिलं की पावलं अंगाखाली येतील एवढंच अंतर ठेवा. पट्टी तीन ते पाच दिवस असू द्या, रोज सोडून त्वचा पाहा. जन्मानंतरच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत हे केलं तर छान सुधारतं, आठवडा उलटला की आशा कमी.

मोडलेल्या पायाला पट्टी बांधून विसरून जाऊ नका. पिल्लू झपाट्याने वाढतं आणि सोमवारी सैल असलेली पट्टी गुरुवारी काचते. बोटं सुजली, गार किंवा काळपट झाली की ताबडतोब सोडा. खवल्यांच्या नळीचं साधं मोडणं आधार देऊन दोन-तीन आठवड्यांत सांधू शकतं. मागे वाकणाऱ्या सांध्याच्या वरचं हाड मोडलं असेल तर घरी हात घालू नका. तोच सांधा सुजून पाय कडेला वळला असेल, तर बहुधा मागचा स्नायुबंध जागेवरून सरकलेला असतो. तो परत बसवायला उशीर चालत नाही, त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या.

जखमेवर काय लावू नये

हायड्रोजन पेरॉक्साइड पुन्हा पुन्हा लावलं तर नवी येणारी त्वचाही जळते. बधिर करणारी मलमं आणि माणसांच्या वेदनाशामक गोळ्या वापरू नका, त्या पक्ष्याला मारक ठरू शकतात. उकळून गार केलेल्या १ लिटर पाण्यात ९ ग्रॅम मीठ विरघळवून त्याने जखम धुवा. मग पोव्हिडोन आयोडीन कोऱ्या चहाच्या रंगाएवढं पातळ करून लावा. रक्त थांबत नसेल तर स्वच्छ कापडाने पाच मिनिटं दाबून धरा, मधेमधे उचलून बघू नका. मांजर-कुत्र्याच्या दाताची जखम वरून टिंबाएवढी दिसली तरी आत खोल असते, तिला डॉक्टरच हवेत.

विष्ठा न बघता औषध देऊ नका

तपकिरी, चिकट, उग्र वासाची विष्ठा मधूनमधून पडते, ती आतड्याच्या बंद टोकाच्या पिशवीतली (सीकम) असते आणि निरोगी पिल्लांचीही तशीच असते. त्याला हगवण समजून औषध सुरू करू नका. रक्त दिसलं, पिल्लू पिसं फुलवून गोळा होऊन बसलं, तर मात्र रक्ती हगवणीचा संशय धरा. तीन ते सहा आठवड्यांच्या पिल्लांत, ओल्या अंथरुणावर, ती जास्त होते. तिच्यावर ॲम्प्रोलियम हे औषध चालतं. २० टक्के पावडर असेल तर १ लिटर पाण्यात १.२ ग्रॅम, पाच दिवस, आणि दुसरं पाणी समोर नको. मात्रा डब्यावरच्या टक्क्यांशी पडताळून घ्या. त्याच दिवसांत बी-१ जीवनसत्त्व दिलं तर औषधाचा जोर मारला जातो, कारण ॲम्प्रोलियम जंतूचं बी-१ रोखूनच काम करतं.

इथे एक गोष्ट ठळकपणे सांगायला हवी. ब्रॉयलर कोंबड्यांच्या काही खाद्यांत मोनेन्सिन हे औषध मिसळलेलं असतं. कोंबडीला ते चालतं, गिनी फाऊलला ते प्राणघातक ठरलेलं आहे. पोत्यावरची चिठ्ठी वाचल्याशिवाय खाद्य घालू नका. एरवीही कोंबडीच्या पिल्लांचं खाद्य यांना कमी पडतं. सुरुवातीला २४ ते २६ टक्के प्रथिनं लागतात. टर्कीच्या पिल्लांचं सुरुवातीचं खाद्य (स्टार्टर) त्याला जवळचं. बी-२ जीवनसत्त्व कमी पडलं की बोटं आत मुडपतात.

गुदद्वाराला विष्ठा चिकटून वाळली असेल तर ओढू नका, कातडी सोलून येते. कोमट पाण्याच्या कापसाने मऊ करा, पुसा, कोरडं करा, पेट्रोलियम जेलीचा पातळ हात फिरवा. आणि नीट बघा, जे चिकटलंय ते पोटाच्या बाजूला असेल तर ती बेंबीची खपली आहे. तिला हात लावला तर आतडं बाहेर येऊ शकतं.

वजन न करता अंदाज बांधू नका

पिसं फुललेली असली की बारीक झालेलं पिल्लूही गुबगुबीत दिसतं. १ ग्रॅम दाखवणारा स्वयंपाकघरातला काटा घ्या, वर छोटा वाडगा ठेवून काटा शून्यावर आणा आणि रोज सकाळी खाद्यापूर्वी वजन लिहून ठेवा. या वयात वजन रोज वाढायला हवं. दोन दिवस घटलं, पिल्लू मान वाकडी करू लागलं, चोच उघडून श्वास घेऊ लागलं किंवा विष्ठा गंधकासारखी पिवळी झाली, तर वाट पाहू नका. एकाच वेळी अनेक पिल्लं अचानक दगावली तर मेलेली पिल्लं उघड्या हातांनी हाताळू नका, कुठे फेकू नका, पशुवैद्यकांना कळवा.

बरं झालेलं पिल्लू थव्यात परत सोडताना जाळी संध्याकाळी, उजेड कमी झाल्यावर काढा. जखमेवर लाल खपली दिसत असेल तर आणखी दोन दिवस थांबा. खाद्याची भांडी दोन जागी ठेवा आणि पहिला अर्धा तास तिथेच उभं राहून बघा.