सिलिकॉन इमल्शनची बॅच लावण्याआधी

सिलिकॉन इमल्शन म्हणजे पाण्यात बारीक थेंबांनी विखुरलेलं सिलिकॉन तेल. ते बनवायचं तर सगळ्यात आधी चिलर, म्हणजे पाणी थंड करणारं यंत्र, बघा. डी-फोर, म्हणजे ऑक्टामिथाइल सायक्लोटेट्रासिलोक्सेन हा रिंगच्या आकाराच्या रेणूंचा कच्चा माल, पाण्यात इमल्सिफाय करून (थेंबांत विखरून) आम्लावर पॉलिमराइझ करायचं असेल तर रिंग उघडते गरम असताना, पण साखळी लांब होते ती गार झाल्यावर. 80 ते 90 अंशांवर पाच-सहा तासांत बहुतेक डी-फोर वापरलं जातं, तरी तोवरचा पॉलिमर पातळच असतो. तेच इमल्शन 20 अंशांच्या आसपास आणून रात्रभर ठेवलं की साखळ्यांच्या टोकांचे सिलॅनॉल (सिलिकॉन अणूला जोडलेले OH) गट एकमेकांशी जुळून पाणी सोडतात, आणि थेंबातल्या तेलाची व्हिस्कॉसिटी (दाटपणा) काही हजार सेंटिपॉइजवरून लाखांत जाते. मे महिन्यात नुसत्या कूलिंग टॉवरच्या पाण्यावर 20 अंश मिळणार नाहीत. चिलर दुरुस्तीला गेला असेल तर बॅच पुढे ढकला. सकाळी पटकन गरम करून घेऊ, रात्रीचं रात्री बघू, हे या प्रक्रियेत चालत नाही.

मग पाणी. डीएम (क्षार काढलेलं) पाणीच हवं, कंडक्टिव्हिटी 10 मायक्रोसीमेन्सच्या आत, आणि मोजायचं ते रिअ‍ॅक्टरशेजारच्या नळावर. डीएम प्लँटच्या मीटरवर भिस्त नको. बोअरच्या पाण्यातलं कॅल्शियम डोडेसिल बेंझीन सल्फॉनिक आम्लाला धरून बसतं. हे आम्ल इथे इमल्सिफायरही आहे आणि कॅटॅलिस्टही, त्यामुळे ते कमी पडलं तर दोन्हीकडून मार बसतो. 1959 साली डॉव कॉर्निंगच्या हाइड आणि वेहर्ली यांच्या पेटंटने सिलोक्सेन पाण्यातच पॉलिमराइझ करण्याची वाट दाखवली. 1966 मध्ये त्याच कंपनीच्या फिंडले आणि वायेनबर्ग यांनी ही दोन्ही कामं करणारं सल्फॉनिक आम्ल आणलं, आणि आपण आजही त्याच वाटेवर आहोत.

बाजारात हे आम्ल अ‍ॅसिड स्लरी म्हणून मिळतं. डिटर्जंटवाल्यांची 90 टक्क्यांची स्लरी उचलू नका, 96 टक्क्यांची घ्या आणि मुक्त सल्फ्युरिक आम्लाचा आकडा सर्टिफिकेटवर वाचा. 35 टक्के सिलिकॉनच्या 100 किलो इमल्शनला साधारण एक-दीड किलो लागते. एमएसच्या (साध्या पोलादाच्या) भांड्यात ती अजिबात नको, लोखंड उतरून इमल्शन पिवळट पडतं. हातमोजे आणि गॉगल ड्रम उघडण्याआधी चढलेले असावेत.

डी-फोर 17.5 अंशांना गोठतं. पुणे-नाशिककडे जानेवारीत सकाळी ड्रम उघडला तर आत पांढरे खडे दिसतील. माल खराब झालेला नसतो. कोमट पाण्यात ड्रम ठेवून पूर्ण वितळू द्या, मगच वजन करा. माल मिश्र सायक्लिकचा (लहान-मोठ्या रिंगच्या रेणूंचा), म्हणजे डीएमसी असेल तर जास्तच जपा: खड्यांत डी-फोर जास्त असतं, वरचा पातळ भाग तेवढा ओतला तर रेसिपीच बदलते. फ्लॅश पॉइंट 55 अंशांच्या आसपास आहे, म्हणून चार्जिंगच्या वेळी ड्रम, पंप आणि रिअ‍ॅक्टर तिघांचं अर्थिंग जोडलेलं असावं.

होमोजिनायझर (दाबाने थेंब बारीक करणारं यंत्र) आदल्या दिवशी पाण्यावर चालवून बघा. 200 ते 300 बारवर दोन पास देता आले पाहिजेत. सील गळत असेल तर ते आत्ताच कळू दे. पासनंतरचा थेंब ग्लासभर पाण्यात टाका. निळसर झाक आली तर थेंब बारीक झालेत, दुधासारखं पांढरंफेक राहून वर तवंग धरला तर तिसरा पास द्या.

प्रयोगशाळेत आयसोप्रोपाइल अल्कोहोल आणि ब्रूकफील्ड व्हिस्कोमीटरचे स्पिंडल तयार ठेवा. अल्कोहोलने इमल्शन फोडून तेल वेगळं करायचं, धुऊन वाळवायचं आणि व्हिस्कॉसिटी बघायची. रात्रपाळीच्या माणसाला हे हाताने करून दाखवलेलं असावं, कारण बॅच कधी थांबवायची ते तोच ठरवणार आहे.

थांबवायची ती ट्रायइथेनॉलअमाइनने (आम्ल मारणाऱ्या अल्कलीने). द्रावण आधीच पातळ करून टाकीत भरून ठेवा, मंद धारेने सोडा, पीएच 7 च्या जवळ आणा. सोडा अ‍ॅशही चालतो, पण फेस येतो. न्यूट्रलायझेशन गार असतानाच करा. आम्ल जिवंत असताना इमल्शन पुन्हा तापलं तर साखळ्या तुटून व्हिस्कॉसिटी खाली येते. अर्धवट न्यूट्रल माल गोडाऊनच्या उन्हाळ्यात ड्रममध्येच बदलत राहतो. बायोसाइड (जंतू वाढू न देणारं रसायन) त्यानंतर.

ऑर्डर घेतानाच गिऱ्हाईकाला विचारा, माल कुठे जाणार? इचलकरंजीच्या प्रोसेस हाउसला सॉफ्टनर म्हणून जायचा असला तरी पुढचं कापड निर्यातीचं असू शकतं. या मार्गाने समतोलात (रिंग आणि साखळ्यांचं प्रमाण स्थिरावल्यावर) दहा-पंधरा टक्के सायक्लिक मागे राहू शकतात. युरोपीय संघात धुऊन टाकायच्या सौंदर्यप्रसाधनांत डी-फोर आणि डी-फाइव्हवर (त्याच जातीच्या मोठ्या रिंगवर) 0.1 टक्क्याची मर्यादा 31 जानेवारी 2020 पासून लागू आहे, आणि 2024 च्या नियमाने त्याहून मोठ्या रिंगचं डी-सिक्सही धरून ती आणखी उत्पादनांपर्यंत नेली. इमल्शनमधून सायक्लिक उडवणं फेसामुळे फार त्रासाचं. अशा ऑर्डरला मी डी-फोरपासून सुरुवातच करत नाही: आधीच स्ट्रिप केलेलं (सायक्लिक काढून टाकलेलं) सिलॅनॉल टोकांचं तेल इमल्सिफाय करून, त्याच आम्लावर, थेट गार तापमानाला वाढवायचं. गरम करण्याचा टप्पाच उरत नाही, चिलर मात्र तेवढाच लागतो.

शेडमध्ये लाकडाचा भुसा हाताशी ठेवा, सांडलेल्या सिलिकॉनवरून माणूस हमखास घसरतो. शेजारी कुणी पेंट बनवत असेल तर झाडू, बादल्या, चिंध्या वेगळ्या ठेवा. सिलिकॉनचा अंशही त्यांच्या फिल्ममध्ये खड्डे पाडतो. धुण्याचं पाणी ईटीपीला (सांडपाणी शुद्धीकरण प्लँटला) कधी सोडणार हे तिथल्या ऑपरेटरला आदल्या दिवशी सांगा.