तिसऱ्यांदा तेच काम हाताने करताना

पुस्तकाच्या शेवटी जी शब्दसूची असते ना, कोणता शब्द कोणत्या पानावर आहे ते सांगणारी, ती तयार करणं हे माझं काम. शिक्षण भाषेचं, गणिताशी कधीचीच फारकत झालेली, आणि कॉम्प्युटर म्हणजे टाइप करायचं यंत्र एवढीच समज. अशी मी आता आठवड्यातून दोन-तीनदा कोड, म्हणजे कॉम्प्युटरला द्यायच्या लेखी सूचना, लिहिते हे कळलं की नवखे लोक दोनच प्रश्न विचारतात. हे सगळ्यांनीच शिकायला हवं का? आणि सुरुवात कुठून करायची?

पहिल्या प्रश्नाला मी सरळ 'नाही' म्हणते. ज्यांचा दिवस माणसांशी बोलण्यात किंवा हातांनी काही घडवण्यात जातो, त्यांनी केवळ मागे पडू या धास्तीने यात वेळ घालवू नये. धास्तीपोटी शिकलेलं टिकत नाही, माझंही टिकलं नव्हतं. पण कॉम्प्युटरसमोर बसून एकच कंटाळवाणं काम तिसऱ्यांदा हाताने करत असाल, तर शिका. नोकरी बदलायला नव्हे, चौथी खेप वाचवायला.

ही कल्पना काही आजची नाही. १९६४ साली डार्टमथ कॉलेजात जॉन केमेनी आणि थॉमस कर्ट्झ यांनी 'बेसिक' ही भाषा तयार केली, तीच मुळी विज्ञानाबाहेरच्या विद्यार्थ्यांनाही कॉम्प्युटर वापरता यावा म्हणून. आणि एक्सेलसारख्या स्प्रेडशीटच्या रकान्यात 'बेरीज शंभराच्या वर गेली तर असं लिही' असं सूत्र तुम्ही कधी घातलं असेल, तर तुम्ही प्रोग्रामिंग केलेलंच आहे. फक्त त्याला कुणी ते नाव दिलं नाही.

मीही स्प्रेडशीटवरच थांबले असते. पण पान क्रमांक '३-५' असा टाकला की ती मला परस्पर तारीख करून द्यायची. या खोडीने शास्त्रज्ञांनाही छळलंय. काही जनुकांची नावं सप्टेंबर-मार्चसारखी दिसत असल्याने स्प्रेडशीटमध्ये त्यांच्या तारखा होत. शेवटी २०२० मध्ये जनुकांच्या नामकरण समितीने अशी नावं बदलल्याचं जाहीर केलं. स्प्रेडशीट सुधारण्यापेक्षा जनुकांचं बारसं पुन्हा करणं सोपं पडलं!

शिकायचे माझे पहिले तीन प्रयत्न फुकट गेले. एकदा व्हिडिओ बघत बसले. शिकवणारा टाइप करत होता, मी मान डोलावत होते, सगळं समजत होतं. मग कोरी फाइल उघडली आणि एक ओळ सुचेना. दुसऱ्यांदा 'कोणती भाषा सगळ्यात चांगली' हे वाचण्यातच दोन आठवडे गेले. तिसऱ्यांदा कुणीतरी म्हणालं, आधी 'सी' ही भाषा शिक, पाया पक्का होतो. त्यातल्या पॉइंटरपाशी, म्हणजे मेमरीतल्या पत्त्यांच्या भानगडीपाशी, पोचले आणि पाया तिथेच सोडून आले.

चौथ्या वेळी हातात काम होतं. ४१२ फाइली होत्या, प्रत्येकीच्या नावात तारीख, पण दिवस आधी आणि वर्ष शेवटी. त्यामुळे फाइली कालक्रमाने लागत नसत. नावं उलटी करण्यात याआधी दोनदा अख्खी दुपार गेली होती. या वेळी पायथन ही भाषा घेतली, कारण ती फुकट मिळते आणि वाचताना निदान वाक्यासारखी वाटते. अकरा ओळी लिहायला चार संध्याकाळी लागल्या. हिशोबाने हा तोट्याचाच व्यवहार. पण पुढच्या खेपेला ते काम मी खुर्चीत नीट टेकायच्या आत झालं.

त्या चार संध्याकाळी कशात गेल्या ते सांगते, कारण तुमच्याही तिथेच जातील. पहिली तर अवतरणचिन्हांत गेली. मी कोड नेहमीच्या लेखनाच्या सॉफ्टवेअरमध्ये लिहिला होता आणि त्याने सरळ चिन्हांची सुबक वाकडी चिन्हं करून टाकली. छपाईला ती छान, पायथनला परकी. कोड साध्या एडिटरमध्येच लिहावा. पायथनसोबत येणारा 'आयडल' पुरतो, नवशिक्यांसाठी 'थॉनी' त्याहून बरा. दुसरी संध्याकाळ ओळीच्या सुरुवातीच्या मोकळ्या जागेने खाल्ली. पायथनमध्ये ती शोभेसाठी नसते, कोणती ओळ कोणाच्या पोटात आहे ते त्यावरून ठरतं. तिसरी गेली एका बेरजेत. पाच आणि पाच मिळवले, उत्तर आलं पंचावन्न! मी आकडा दिला असं मला वाटत होतं, यंत्राला मात्र ती दोन अक्षरं शेजारी शेजारी ठेवलेली दिसत होती.

चौथ्या संध्याकाळी एक गोष्ट उमगली, आणि ती आधी कुणी का सांगितली नाही याचा मला अजून राग येतो. चूक झाल्याचा लांबलचक संदेश आला की तो खालून वाचायचा. काय बिघडलं ते शेवटच्या ओळीत असतं, कुठे बिघडलं ते बहुतेक वेळा तिच्या जरा वर. मी तोवर वरून वाचायला सुरुवात करून घाबरत होते.

म्हणून नव्या माणसाला मी अभ्यासक्रम सांगत नाही, कंटाळवाणं काम विचारते. ते छोटं हवं आणि स्वतःचं हवं. त्याचे तुकडे आधी कागदावर साध्या मराठीत लिहा: फाइल उघड, नाव वाच, तारीख वेगळी कर. मग एकेका तुकड्यापुरतं शिका, आणि प्रत्येक पायरीवर हाती काय आलंय ते पडद्यावर छापून बघा. दुसऱ्याचा कोड चिकटवू नका, बोटांनी टाइप करा. तुमच्या चुका त्यातूनच कळतात. रोज अर्धा तास पुरतो, रविवारचे सहा तास नाही पुरत. मुलांसाठी विचारत असाल, तर एमआयटीत तयार झालेलं 'स्क्रॅच' आहे, २००७ पासूनचं. त्यात ठोकळे जोडायचे असतात, टाइप करण्याची कटकट नाही.

'आता एआयच कोड लिहून देतं, मग कशाला शिकायचं?' हे हल्ली हमखास ऐकू येतं. मीही लिहून घेते. एकदा त्याला सांगितलं, सूचीत तोच शब्द पुन्हा आला तर काढून टाक. त्याने इमानदारीत काढले, आणि त्या शब्दांपुढचे पान क्रमांकही सोबत गेले. चूक त्याची नव्हती, मी जे म्हटलं तेच त्याने केलं. वाचले ते एवढ्यासाठीच की मी नेहमी फाइलींच्या प्रतीवर काम करते, मूळ फाइलीला हात लावत नाही. हा नियम पहिल्या दिवसापासून पाळा.

शब्द अकारविल्हे लावताना तर आणखी मजा. आपल्या वर्णमालेत 'ळ' येतो 'ह'नंतर. युनिकोडच्या तक्त्यात, म्हणजे कॉम्प्युटर प्रत्येक अक्षर ज्या क्रमांकाने ओळखतो त्या यादीत, मात्र तो 'ल'ला लागून बसलाय. त्यामुळे साधी आज्ञा दिली की 'काळा' आधी आणि 'काहूर' नंतर लागतो. 'क्ष'ही शेवटी जायचा सोडून 'क'च्या गर्दीत शिरतो. एआयने दिलेला कोड बिनतक्रार चालला आणि यादी दिसायलाही व्यवस्थित होती. ती चुकलीय हे कळायला कोडिंग नव्हे, वर्णमाला यावी लागत होती. दुरुस्त करायला मात्र थोडं कोडिंग लागलं: माझा क्रम अक्षरागणिक सांगावा लागला. शाळेपासून पाठ असलेली गोष्ट मी पहिल्यांदाच कुणाला तरी पूर्ण समजावून सांगत होते.

त्याच यादीत 'दुसऱ्या' हा शब्द दोनदा आला. दोन्ही डोळ्यांना अगदी सारखे, पण यंत्र म्हणे वेगळे. तीन ओळींचा कोड लिहून दोन्ही शब्दांतली अक्षरं सुटी करून छापली. एकात खालच्या टिंबाचा 'ऱ' होता. दुसऱ्यात साधा 'र', हलन्त, आणि पुढे एक न दिसणारं जोडचिन्ह. दोन माणसांनी दोन कीबोर्डांवर टाइप केलेला मजकूर होता तो. इतकी वर्षं मी अशा सूच्या हाताने तपासत आले, आणि शोधताना निम्मे 'ऱ्या' सापडतच नसणार हे तेव्हा ध्यानात आलं. आता कुठलाही मजकूर आला की आधी त्या तीन ओळींतून जातो, मग मी तो वाचायला घेते.